रोझीबाईंचं थंडीचं कपाट

माळेवाडीला विजेच्या आधी बर्फ आला. ह्यात गावाचं काही कर्तृत्व नाही. तो रोझीबाईंबरोबर आला.

रोझीबाई पाटोळे म्हणजे नगरच्या मिशन दवाखान्यातल्या नर्स. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथे, दुसऱ्यांच्या पोरांना जगात आणण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर नवऱ्याच्या गावी, म्हणजे कर्जतच्या पलीकडे आमच्या माळेवाडीला, येऊन राहिल्या. नवरा याकोब मास्तर. तेही शाळेतून निवृत्त झालेले. पण शिकवायची सवय निवृत्त व्हायची राहून गेली होती. दोघं आले तेव्हा बैलगाडीत दोन ट्रंका होत्या, एक शिवणयंत्र होतं, एक बाजाची पेटी होती आणि सतरंजीत गुंडाळलेलं, छातीएवढं उंच, पांढरंशुभ्र लोखंडी कपाट होतं. दवाखान्याच्या मडमसाहेब कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी ते रोझीबाईंना दिलं होतं. सोबत दिलेलं माहितीचं पुस्तक माळेवाडीच्या वाळवीने पहिल्याच पावसाळ्यात वाचून संपवलं.

हे कपाट रॉकेलवर चालायचं. खाली टाकी, टाकीला वात, वातीवर चिमणी. ज्योत निळी आणि शहाण्यासारखी जळत राहिली की वरच्या खणात बर्फ धरायचा. खाली जाळ आणि वर बर्फ, ही गोष्ट पहिल्यांदा बघितल्यावर गावातल्या म्हाताऱ्यांनी चपला बाहेर काढून ठेवायला सुरुवात केली. मास्तर त्यांना समजावून सांगत.

"हे बघा, विहिरीतलं पाणी मोटेनं उपसता की नाही? तशी ह्यातली उष्णता उपसून बाहेर टाकायची. बैलाच्या जागी दिवा. एवढंच."

"आन उपसलेली कुठं टाकता?"

"खोलीत."

"म्हंजी भर उन्हाळ्यात घर तापवायचं आन कपाट गार करायचं?"

यावर मास्तर चष्मा पुसत. हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा त्यांनी समजावून सांगणं बंद केलं. गावाने त्या यंत्राला थंडीचं कपाट म्हणायला सुरुवात केली आणि कपाट म्हटल्यावर त्याच्याशी ओळख आपोआप वाढली. कुणाचा पाय मुरगळला की बर्फ. कुणाच्या पोराला ताप आला की बर्फ. सरपंच आप्पासाहेब तर सत्काराचे हार आदल्या दिवशीच आणून ठेवत. त्या काळात पुढारी कधी येईल ते सांगता येत नसे, त्यामुळे सत्कार पुढे ढकलला तरी हार टवटवीत राहत आणि पुढाऱ्याच्या मानेवर काटा उभा राही. तो भक्तीने आला असं समजून आप्पासाहेब खूश होत.

रोझीबाई कुणाला नाही म्हणत नसत. फक्त मधल्या खणाला हात लावायचा नाही, तो औषधांचा. बाकी त्या बोलायच्या कमी आणि हसायच्या त्याहून कमी. नर्स मंडळींची एक रीत असते, सुई टोचायच्या आधी म्हणायचं, "काही दुखणार नाही हं." रोझीबाई म्हणत, "दुखेल." आणि टोचत. माणूस खोटं बोलणाऱ्याच्या सुईला जास्त घाबरतो, असं त्यांचं मत असावं. ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मी अंदाज केला.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात रंगनाथ पैलवानाला पिसाळलेलं कुत्रं चावलं.

रंगनाथ म्हणजे माळेवाडीची शान. घोडेगावच्या बाजारातून आणलेला गोऱ्हा वाटेत लंगडायला लागला म्हणून त्याने खांद्यावर घेतला होता, असं लोक सांगत. रंगनाथ ते नाकारत नसे. अशा माणसाच्या पोटरीला कुत्र्याने दात लावले आणि तिसऱ्या दिवशी कुत्रं चावडीमागे तोंडाला फेस येऊन मेलं. आता पोटात चौदा सुया घेण्याशिवाय इलाज नव्हता. रोज एक, कर्जतच्या सरकारी दवाखान्यात.

रंगनाथची बायको चांगुणा त्याला रोज सकाळी एसटीत बसवून देई. संध्याकाळी तो पोट धरून, कण्हत परत येई. चांगुणा त्याला दूधभात करून घाली. असे काही दिवस गेल्यावर पोट शेकताना तिच्या लक्षात आलं की पोटावर सुईची खूण एकच आहे. दुसऱ्या दिवशी ती स्वतः कर्जतला गेली. डॉक्टर म्हणाले, "तुमचे मालक? एकदा आले होते. मग आलेच नाहीत." एसटी कर्जतच्या पुढे काष्टीपर्यंत जायची, त्यामुळे रंगनाथही काष्टीपर्यंत जायचा. तिथे ओळखीच्या तालमीत दुपारभर बसायचा आणि उसाचा रस पिऊन परत यायचा. कण्हणं तेवढं त्याचं स्वतःचं होतं.

डॉक्टरांनी पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितली, म्हणजे एवढ्या खटपटीनंतर पैलवानाच्या नशिबी एक सुई जास्तच आली. आणि आता एसटीवर भरवसा ठेवायचा नाही असं ठरलं. डॉक्टर रोझीबाईंना ओळखत होते. त्यांनी औषधाच्या सगळ्या बाटल्या थर्मासमध्ये बर्फात घालून चांगुणाच्या हातात दिल्या आणि चिठ्ठीऐवजी तोंडी निरोप दिला: गार ठेवा, गोठवू नका, आणि गडी पळणार नाही एवढं बघा.

बाटल्या मधल्या खणात गेल्या. रोज सकाळी चांगुणा नवऱ्याला घेऊन येई. त्याला खाटेवर निजवून त्याच्या दोन्ही हातांवर बसे. रोझीबाई "दुखेल" म्हणत आणि टोचत. रंगनाथची आरोळी वेशीपर्यंत जाई. ती ऐकून लोक घड्याळं लावू लागले.

सगळं सुरळीत चाललं होतं. एके दिवशी आप्पासाहेबांनी हारांबरोबर पेढ्यांचा पुडा ठेवला. पेढ्यांचा वास मुंग्यांना लागला. चांगुणाने सकाळी पाहिलं तर कपाटाच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढलेली.

"बाई! मुंग्या औषिद खात्याल की!"

"बाटल्या बंद आहेत चांगुणा."

"मुंगीला काय बंद आन काय उघडं!"

आमच्याकडे खाण्याचं कोणतंही बरं कपाट मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत उभं असतं. चार पाय, चार वाट्या. मिशनच्या बंगल्यातही जाळीचं कपाट असंच असायचं, त्यामुळे रोझीबाईंनाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असंच वाटलं. चांगुणा घरी गेली आणि वाट्या घेऊन आली. दगडी वाट्या दोनच मिळाल्या, जाड बुडाच्या, सुबक. बाकीच्या दोन ॲल्युमिनियमच्या, पत्र्यासारख्या पातळ. बाईमाणसाला जे सुचायचं तेच तिला सुचलं. दगडी वाट्या दर्शनी बाजूला आणि ॲल्युमिनियमच्या मागे भिंतीकडे, तिथे कोण बघतंय. सुई टोचून घेऊन बसलेल्या रंगनाथने एका हाताने पोट धरून दुसऱ्या हाताने आणि खांद्याने कपाट उचललं, तिने खाली वाट्या सरकवल्या, पाणी ओतलं. मुंग्या पाण्याच्या काठाशी थबकल्या आणि माघारी वळल्या.

शिवाय एक फायदा झाला. कपाटाचं दार पूर्वी हाताने लोटावं लागायचं. आता सोडलं की आपलं आपण जाऊन लागायचं.

"शाणं झालं," चांगुणा म्हणाली.

दोन दिवसांनी रोझीबाईंनी मधल्या खणात हात घातला तर आतली हवा बाहेरच्यासारखीच होती. बर्फाच्या खणात अर्धवट वितळलेला एक लगदा. त्यांनी खाली वाकून पाहिलं. ज्योत निळी, शांत, शहाण्यासारखी जळत होती. दिवा चालू होता, कपाट बंद होतं.

त्या कधी घाबरत नसत, म्हणजे घाबरल्या तरी हात आधी काम करीत. त्यांनी बाटल्या थर्मासमध्ये घातल्या, उरलासुरला बर्फ वर घातला, झाकण घट्ट लावलं. त्या दिवसाची सुई दिली. मग चांगुणाला सांगितलं, "थर्मासमधला बर्फ आहे तोवर औषध चांगलं आहे. तोवर हे चालू झालं नाही, तर बाटल्या कर्जतला परत. पुढच्या सुया तिथेच."

रंगनाथ खाटेवर उठून बसला.

"बाईंचं बराबर हाय. सरकारी औषिद, खराब झालं तर पाप लागंल. मी जातो की एसटीनं."

चांगुणा त्याच्याकडे वळली नाही. ती रोझीबाईंनाच म्हणाली, "बाई, माझा चुलता कुत्रं चावलं तवा मुळीपाल्यावर ऱ्हायला हुता. शेवटी शेवटी पान्याचा तांब्या बघून वरडायचा. आमी दाराला कडी घालून भाईर बसलो हुतो. ह्यांच्याबरुबर कर्जतला रोज जायचं तर गुरं कुनावर टाकू? आन गेले तरी ह्यांना एकटीनं धरायचं कसं?"

रोझीबाईंनी पदर खोचला आणि कपाटापुढे मांडी घातली.

पहिला संशय वातीवर. वात काढली, कातरली, सरळ केली. ज्योत अधिकच सुंदर झाली. कपाट गरमच.

दुसरा संशय चिमणीच्या नळीवर. काजळी धरली असेल. मास्तरांनी बाटल्या धुवायचा ब्रश काठीला बांधून नळीत घातला आणि वर खाली केला. काजळी निघाली, ती बहुतेक मास्तरांवर. त्यांना ओळखून घ्यायला शेजारच्या कुत्र्याला वेळ लागला, आणि त्या आठवड्यात कुत्र्याच्या बाबतीत कुणीच धोका पत्करायला तयार नव्हतं, म्हणून मास्तर आतल्या खोलीत बसून राहिले.

तिसरा संशय रॉकेलवर. रेशनचं रॉकेल म्हटल्यावर संशय घ्यायला कारण लागत नाही. टाकी रिकामी केली, रॉकेल फडक्यातून दोनदा गाळलं. फडक्यात एक माशी मिळाली. तिच्यावर ठपका ठेवता येईना.

तेवढ्यात बातमी ऐकून गोरक्ष आला. गोरक्षचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि जे यंत्र सायकल नाही ते बिघडलेली सायकल आहे, असं त्याचं साधारण शास्त्र होतं. त्याने पाने काढले, हवेचा पंप काढला आणि कपाटाला एक फेरी मारली.

"मोटर कुठाय?"

"ह्यात मोटर नसते," मास्तर आतून म्हणाले.

"पट्टा?"

"पट्टा नाही."

"चाक? दांडा? काय तरी फिरत आसंलच की!"

"ह्यात काहीही फिरत नाही."

गोरक्षने पाने पिशवीत घातले. "मास्तर, जे फिरतच न्हाई ते बंद पडलं हे तुमी कशावरनं वळाखलं?" असं म्हणून तो गेला. पण जाताना मागच्या गरम नळीत पंपाने थोडी हवा मारून गेला. आला आहे तर काहीतरी केलं पाहिजे म्हणून.

ह्या सगळ्या वेळात रंगनाथ खाटेवर बसून होता. इतका सुखी दुःखी माणूस गावाने पाहिला नव्हता. प्रत्येक उपाय फसला की तो "अरारा" म्हणे आणि आतून त्याचा चेहरा उजळे. चांगुणा हे बघत होती. ती एकदाच म्हणाली, "हसा. माझ्या कपाळाचं हसताय."

मधेच आप्पासाहेब हार घेऊन आले. पुढारी संध्याकाळी येणार होते.

"बाई, कपाट बंद हाय म्हणं? मंग हार ठिवू कुठं?"

"गळ्यात," रोझीबाई म्हणाल्या.

आप्पासाहेबांनी खरंच एक घातला आणि तसेच चावडीकडे गेले.

मग मास्तरांना आठवलं की नगरला एकदा हे कपाट असंच रुसलं होतं आणि मिशनच्या ड्रायव्हरने ते उलटं करून ठेवलं होतं. आत कसलं तरी पातळ द्रव्य असतं, ते अडकतं. उलटं केलं की सुटतं. ह्या माहितीवर मास्तर स्वतः आतल्या खोलीतून बाहेर आले, चेहरा अजून काळाच. रोझीबाईंनी दिवा विझवला, टाकी काढली. कपाट गार व्हायला थोडं थांबले. उलटं करायला माणूस एकच होता.

"मी?" रंगनाथ म्हणाला. "माजं पोट दुखतंय."

"पोट सोडा, कपाट धरा," चांगुणा म्हणाली.

त्याने कपाट वाट्यांतून उचललं, अंगणात नेलं आणि डोक्यावर उभं केलं. दुपारभर ते चार पाय आकाशाकडे करून उभं होतं. येणारे जाणारे थांबून बघत. एका म्हाताऱ्याने नमस्कारही केला. उन्हं कलल्यावर रंगनाथने ते पुन्हा सुलटं केलं, घरात आणलं आणि अगदी काळजीपूर्वक, जिथे होतं तिथे, चारही पाय ज्याच्या त्याच्या वाटीत, बरोबर ठेवलं. चांगुणाने वाट्यांत नवं पाणी घातलं. दिवा लावला.

सकाळी कपाट गरमच. थर्मासमध्ये बर्फाचा एक तुकडा उरला होता, सुपारीएवढा.

बाटल्या कर्जतला परत न्यायच्या म्हणून रंगनाथने स्वच्छ सदरा घालून ठेवला होता. एसटी यायला वेळ होता. रोझीबाईंनी त्या दिवशीची सुई दिली आणि मग नेहमीच्या सवयीने बर्फाचा ट्रे धुऊन त्यात पाणी घातलं. त्यांनाही आता फारशी आशा नव्हती, पण रिकामा ट्रे आत ठेवणं त्यांच्या हाताला जमत नसे. ट्रे खणात सरकवला आणि पाणी मागच्या काठावरून सांडलं.

त्यांनी ट्रे बाहेर काढला. वाकला असेल. उलटा फिरवून पुन्हा ठेवला. पाणी पुन्हा मागच्याच काठावरून सांडलं.

रोझीबाई क्षणभर तशाच वाकून राहिल्या. मग त्यांनी फडताळातून औषध मोजायचा काचेचा ग्लास आणला. त्यात अर्धा भाग पाणी घालून मधल्या खणात ठेवला आणि डोळा त्याच्या उंचीला नेला. औषध मोजताना त्या जन्मभर तेच करत आल्या होत्या. ग्लासच्या काचेवर रेघा होत्या. पाणी पुढे एका रेघेवर होतं आणि मागे दुसऱ्या.

त्यांनी कपाटाचं दार सोडलं. दार आपलं आपण जाऊन लागलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हे दार शहाणं नाही झालेलं."

मास्तरांनी खाली वाकून पुढच्या दगडी वाट्या पाहिल्या, भिंतीला गाल लावून मागच्या ॲल्युमिनियमच्या पाहिल्या, आणि उष्णतेचं, मोटेचं, पातळ द्रव्याचं सगळं त्यांच्या एकदम ध्यानात आलं. ते द्रव्य आतल्या नळ्यांतून उतारावर हळूहळू परत यायचं असतं. उतारच उलटा झाला तर ते बिचारं येणार कुठून! हे ते मोठ्याने सांगू लागले, पण ऐकायला कुणी नव्हतं. चांगुणा तोंडावर हात ठेवून खाली बसली होती.

"माज्याच हातानं," ती म्हणाली. "माज्याच हातानं केलं की मी हे!"

"वाट्यांमुळे मुंग्या आल्या नाहीत," रोझीबाई म्हणाल्या. "तेवढं काम त्यांनी चोख केलं. रंगनाथ, उचल."

रंगनाथ स्वच्छ सदऱ्यात उभा होता. लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला. त्याने एकदा दाराकडे पाहिलं आणि एकदा बायकोकडे. चांगुणा त्याच्याकडे बघत नव्हती. ती जमिनीवर पडलेल्या पाण्याकडे बघत होती, ट्रेमधून सांडलेल्या.

त्याने कपाट उचललं. चांगुणाने चारही वाट्या काढल्या. पण कपाट खाली येईना. ते छातीशी धरून पैलवान तसाच उभा.

"बाई, म्हंजी आता परत हितंच सुई?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"दुखंल?"

"दुखेल."

एसटी फाट्यावर थांबली आणि निघून गेली. रंगनाथने कपाट खाली ठेवलं. रोझीबाईंनी ग्लास वरच्या पत्र्यावर ठेवला आणि डोळा खाली नेला. त्यांच्या आधीच रंगनाथही वाकला होता, शेजारी. आखाड्यात समोरच्याच्या पायाकडे बघावं तसा तो त्या पाण्याकडे बघत होता.

"डाव्या अंगाला आजून दबतंय," तो म्हणाला.

त्याने अंगणातून पाटीच्या दगडाचा एक तुकडा आणला, कपाट एका हाताने तोललं आणि पायाखाली सारला. पाणी बघितलं. जरासा मागे ओढला. पुन्हा बघितलं. रोझीबाईंनी मान डोलवली. त्याने कपाट सोडलं.

दिवा लावला. दुपारी आतली हवा गार लागली. संध्याकाळी वरच्या खणावर पांढरं धुकं धरलं. थर्मासमधला सुपारीएवढा तुकडा बडीशेपेएवढा झाला होता तेव्हा बाटल्या मधल्या खणात परत गेल्या. चांगुणाने मुंग्यांसाठी कपाटाभोवती हळदीची जाड रेघ ओढली. तेवढं केल्याशिवाय तिला घरी जाववेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथ एकटाच आला. चांगुणा गुरांना पाणी दाखवून मागून धावत आली तेव्हा तो खाटेवर निजलेला होता. हातांवर कुणी बसलेलं नव्हतं. आरोळी मात्र वेशीपर्यंत गेली, त्यात त्याने काही कमी केलं नाही. घड्याळं बरोबर लागली.

सगळ्या सुया झाल्या. रंगनाथला काही झालं नाही. पोट बरेच दिवस दगडासारखं होतं. ते तो तालमीतल्या पोरांना हात लावून दाखवत असे आणि कारण सांगत नसे.

पाण्याचा तो ग्लास कपाटावर कायमचा राहिला. रंगनाथ येता जाता वाकून बघून जाई. पुढे वीज आली, रोझीबाई थकल्या, रॉकेल मिळेना, आणि एका हिवाळ्यात कपाट खरंच बंद पडलं. त्या वर्षी नाताळच्या आठवड्यात रोझीबाई गेल्या. मास्तरांनी कपाट चांगुणाला दिलं.

ते अजून तिच्या घरी आहे. त्यात लोणच्याच्या बरण्या असतात. चारही पाय पाण्याच्या वाट्यांत आहेत आणि चारही वाट्या दगडी आहेत, एका मापाच्या. रंगनाथने पाथरवटाकडून समोर बसून घडवून घेतल्या. दार उघडलं की तसंच उघडं राहतं. लोटावं लागतं.